ढालकिडे येतात, पण पुढची पिढी दिसत नाही: साखळी कुठे तुटते ते कसं शोधायचं

तक्रार बहुतेक एकाच साच्याची असते. मावा (झाडाचा रस शोषणारी बारीक कीड) पडलेल्या झाडावर तो खाणारे दोन-चार ढालकिडे (लेडीबग) दिसतात, पानाखाली पिवळ्या अंड्यांचा पुंजकाही सापडतो, आता मावा आटोक्यात येणार म्हणून आपण निर्धास्त होतो. आठवड्याभराने बघावं तर अंडी नाहीत, किडेही नाहीत, मावा मात्र जोरात. कुणी डबीत पाळून बघतं, तिथे अळ्या एकमेकींना खाऊन संपतात, नाहीतर कोष तयार होतात आणि त्यातून काहीच बाहेर पडत नाही. पुढच्या हंगामात पुन्हा पहिल्यापासून तेच.

यावर सगळीकडे एकच सल्ला मिळतो: फवारणी बंद करा. सल्ला बरोबर आहे, पण निम्म्या वेळा त्याने काही फरक पडत नाही, कारण मूळ अडचण फवारणीची नसतेच. अंडी, अळी, कोष आणि प्रौढ अशा चार अवस्थांमधून हा किडा जातो आणि प्रत्येक अवस्थेत मरण्याची कारणं वेगळी आहेत. अंडी सुकणं आणि कोष सडणं यांवर एकच उपाय कसा चालेल? म्हणून आधी कोणत्या अवस्थेत गळती होते आहे ते पक्कं करा.

आधी दिवस मोजा

साधारण 25 अंश सेल्सिअस तापमानाला सात ठिपक्यांच्या ढालकिड्याची अंडी 3 ते 4 दिवसांत फुटतात. अळी तीनदा कात टाकून चार टप्प्यांत वाढते, त्याला 10 ते 12 दिवस लागतात. त्यानंतर 4 ते 6 दिवस कोष. म्हणजे अंड्यापासून प्रौढ किड्यापर्यंत जवळजवळ तीन आठवडे, आणि नवी मादी अंडी घालायला लागेपर्यंत आणखी आठवडा तरी. सहा ठिपक्यांची नागमोडी पट्ट्यांची जात उष्ण हवेत यापेक्षा लवकर आटोपते. हवा थंड असेल तर हेच वेळापत्रक दुप्पट लांबतं आणि 10-12 अंशांच्या खाली वाढ जवळपास थांबते. उलट पारा 35 च्या वर राहिला तर अंडी आणि लहान अळ्या मोठ्या प्रमाणात मरतात.

त्यामुळे अंडी दिसल्यावर आठवड्याभराने लाल किडे शोधणं हेच मुळात चूक. त्या दिवशी झाडावर जे असायला हवं ते लाल नसतं, गोलही नसतं.

गायब झाले, की ओळखू आले नाहीत?

ढालकिड्याची अळी तिच्या आईसारखी अजिबात दिसत नाही. लांबट, करड्या-काळ्या रंगाची, अंगावर खरखरीत गाठी, बाजूला नारिंगी ठिपके, सहा लांब पाय आणि शेपटाकडे निमुळती होत गेलेली. बघणाऱ्याला ती पीक खाणारीच वाटते आणि चिरडली जाते. बागेतल्या ढालकिड्यांचा सगळ्यात मोठा शत्रू कोण, असं विचारलं तर मी बागेच्या मालकाच्या अंगठ्याचं नाव घेईन.

कोषाचं तेच. पानाला चिकटलेला नारिंगी-काळा, न हलणारा ठिपका बघून वाळलेली घाण समजून लोक नखाने काढून टाकतात. कोषातून नुकताच निघालेला किडाही फसवतो. तो फिकट पिवळा, मऊ आणि बिनठिपक्यांचा असतो. ठिपके काही तासांत उमटतात, लाल रंग गडद व्हायला मात्र बरेच दिवस लागतात. (ठिपक्यांवरून वय कळतं ही समजूत खोटी आहे. ठिपके जातीचे असतात, वर्षांचे नव्हे.)

पिठ्या ढेकणाच्या (मिलीबग) बाबतीत तर गोंधळ आणखी वाढतो. क्रिप्टोलिमस नावाचा ढालकिडा पिठ्या ढेकूण खातो आणि त्याची अळी हुबेहूब पिठ्या ढेकणासारखी दिसते: पांढरी, मेणाच्या धाग्यांनी झाकलेली. पाण्याच्या फवाऱ्याने पिठ्या ढेकूण धुऊन काढणारे तिलाही धुऊन टाकतात. फरक ओळखायचा तो आकार आणि चाल बघून. अळी पूर्ण वाढल्यावर पिठ्या ढेकणाच्या दुपटीहून मोठी होते, तिचे मेणाचे धागे लांब आणि अस्ताव्यस्त असतात, काडीने डिवचली तर ती लगेच चालायला लागते. पिठ्या ढेकूण जागचा फारसा हलत नाही.

याच्या उलट चूकही होते. सगळेच ढालकिडे मांसाहारी नसतात. वांगी, बटाटा आणि भोपळावर्गीय वेलींवर एपिलॅक्ना भुंगा येतो, तो याच कुळातला, पण पानं खाणारा. त्याच्या पाठीवर बारीक लव असते म्हणून तो चकाकत नाही, ठिपके पुष्कळ असतात, एका जातीत 28. त्याची अळी पिवळी आणि फांद्या फुटलेल्या काट्यांची असते. पण सगळ्यात भरवशाची खूण पानावर दिसते. हिरवा भाग खरवडून नुसती जाळी उरली असेल तर तो मित्रकीटक नाही, त्याला जपू नका.

मादी अंडीच घालत नाही

पाळणाऱ्यांना पहिली शंका येते ती नर-मादीची. डबीत दोन्ही माद्याच तर नाहीत ना? नर थोडा लहान असतो, पण नुसत्या डोळ्यांनी खात्रीने सांगणं कठीण, म्हणून चार-सहा किडे एकत्र ठेवावेत. त्यांचं मिलन पाहायला मिळालं तर ओळखायला सोपं आहे. नर मादीच्या पाठीवर चढून बसतो, कधी अर्धा तास तर कधी काही तास, आणि मधूनमधून सगळं अंग झटके दिल्यासारखं हलवतो. मादी तेवढ्या वेळात त्याला पाठीवर घेऊन फिरत असते, खातही असते. तिच्या शरीरात शुक्राणू साठवायची पिशवी असते, त्यामुळे एका मिलनानंतर ती बराच काळ फलित अंडी घालू शकते. म्हणजे नर सापडत नाही हे कारण बागेत तरी क्वचितच लागू पडतं.

खरं कारण बहुतेक वेळा खाण्यात असतं. मध, साखरेचं पाणी, परागकण यांवर प्रौढ किडा जिवंत राहतो, पण अंडी तयार होत नाहीत. त्यासाठी मावा लागतो, तोही भरपूर. भुकेल्या मादीच्या शरीरात तयार होत आलेली अंडी पुन्हा शोषली जातात. तिला पुन्हा पोटभर मावा मिळू लागला की काही दिवसांत ती अंडी घालायला लागते. सात ठिपक्यांची चांगली पोसलेली मादी आयुष्यात 1000 हून अधिक अंडी घालू शकते, 10 ते 50 च्या पुंजक्यांत, रोज किंवा दिवसाआड.

मावा कोणता, हेही बघा. कण्हेर आणि रुईवरचा पिवळाधमक मावा झाडातलं विष स्वतःच्या अंगात साठवतो. ढालकिड्याच्या बऱ्याच जातींना तो सोसत नाही: खाल्ला तरी वाढ खुंटते, अंडी कमी होतात, अळ्या मरतात. सहज हाती लागतो म्हणून लोक नेमका तोच डबीत टाकतात. काही जाती तर एखाद्याच भक्ष्यावर जगतात. 1888-89 मध्ये ऑस्ट्रेलियातून कॅलिफोर्नियात नेलेल्या रोडोलिया ढालकिड्याने तिथल्या संत्र्याच्या बागा वाचवल्या, पण त्या एका विशिष्ट खवले किडीपासून. माव्यावर सोडला असता तर त्याचा काही उपयोग झाला नसता. क्रिप्टोलिमसची मादी अंडी घालते तीही पिठ्या ढेकणाच्या कापसासारख्या अंडपिशवीत, ती पिशवीच नसेल तर अडून बसते.

थंडीत किंवा कडक उन्हाळ्यात घोळक्याने दडून बसलेले किडे आणून सोडले असतील तर वेगळाच प्रश्न उभा राहतो. हे किडे सुप्तावस्थेत असतात. अंगात चरबी साठलेली, अंडाशय अविकसित. जाग आली की आधी लांब उडून जायचं, मग खायचं, मग अंडी, असा त्यांचा क्रम ठरलेला. अमेरिकेत डोंगरांतून असे किडे गोळा करून विकले जातात आणि सोडलेल्यांतले बहुतेक एक-दोन दिवसांतच उडून जातात. अशा किड्यांकडून आपल्या झाडावर पिढी वाढेल, ही अपेक्षाच ठेवू नये.

आणि सगळं ठीक असूनही मादी एखाद्या झाडाला टाळते, तेव्हा त्या झाडावर आधीच अळ्या फिरलेल्या असण्याची शक्यता मोठी. अळी चालताना शेपटाच्या टोकाकडून पृष्ठभागावर एक रासायनिक खूण सोडत जाते. मादीला ती लागली की ती तिथे अंडी घालायचं आवरतं घेते, कारण तिच्या अंड्यांवर पहिला घास त्याच अळ्या मारणार असतात. माव्याची वसाहत जुनी झाली, त्यात पंख असलेले मावे दिसू लागले, तरीही ती बहुधा पुढे जाते. तिची पिल्लं मोठी व्हायच्या आत तो मावा संपणार असतो. तुमच्या नजरेला जिथे मावा सगळ्यात जास्त, तिथे अंडी नाहीत, आणि शेजारच्या कोवळ्या शेंड्यावर पाच-पन्नासच मावे आहेत तिथे अंडी, असं दिसलं तर आश्चर्य नको. मादीचा हिशोब बरोबर असतो.

अंडी आहेत, पण फुटत नाहीत

इथे रंग वाचायला शिका. ताजं अंडं पिवळं किंवा नारिंगी, चिरूटासारखं, जेमतेम एक-दीड मिलिमीटर लांब आणि पानाला टोकावर उभं चिकटवलेलं असतं. फुटायच्या आदल्या दिवशी ते करडं पडतं, भिंगातून आतल्या अळीचा गडदपणा दिसतो. करडं झालेलं अंडं बुरशी लागली समजून फेकू नका.

सगळा पुंजका पाच-सहा दिवसांनंतरही पिवळाच राहिला, तर बहुधा अंडी फलित झालेली नाहीत. अंडी चेपून सुरकुतली, तर हवा कोरडी होती. डबीत 60 ते 70 टक्के आर्द्रता पुरते, त्यासाठी ओल्या कापसाचा बोळा एका बाजूला ठेवावा, अंड्यांवर पाणी शिंपडू नये. नुसती फाटकी टरफलं उरली असतील तर कुणीतरी अंडी खाल्ली आहेत आणि डबीत हे काम बहुतेक आईबापांचंच. म्हणून अंडी दिसताच तेवढा पानाचा तुकडा कापून वेगळ्या डबीत ठेवायचा. अंडी पानावरून खरवडून काढायची नाहीत.

एक प्रकार मात्र चक्रावून टाकतो. दर पुंजक्यातली जवळपास निम्मी अंडी फुटतात, निम्मी नाहीत, आणि प्रत्येक वेळी तसंच. पाणी, खाणं, तापमान सगळं बदलून झालं तरी प्रमाण हलत नाही. यामागे जिवाणू असू शकतो. दोन ठिपक्यांच्या ढालकिड्यात वोल्बाकिया, रिकेट्सिया आणि स्पायरोप्लाझ्मा या गटांतले असे जिवाणू सापडले आहेत, जे नर भ्रूण अंड्यातच मारतात. ते फक्त आईकडून पिल्लांत जातात, नराच्या शरीरात गेले की त्यांचा रस्ता बंद. मेलेल्या भावांची अंडी आयती पहिली न्याहारी म्हणून बहिणींना मिळते आणि जिवाणू वाहून नेणाऱ्या त्या मुली जोमाने वाढतात. अशा मादीच्या पिल्लांत जवळजवळ सगळ्या माद्याच निघतात. यावर घरगुती उपाय नाही. वेगळ्या ठिकाणच्या दुसऱ्या मादीपासून नवी सुरुवात करायची, एवढंच. बागेत तर काही करायची गरजही नाही.

काही अंडी मुळातच फुटण्यासाठी नसतात हेही ध्यानात घ्या. हार्लेक्विन ढालकिड्याच्या माद्या खाण्याची टंचाई असताना पुंजक्यात वांझ अंड्यांचं प्रमाण वाढवतात असं प्रयोगांत दिसलं आहे. पिल्लांसाठी ती शिदोरी असते.

पायरिप्रॉक्सिफेनसारखी कीटकांची वाढ रोखणारी औषधं आधी फवारली असतील तर मादी धडधाकट दिसते, अंडीही घालते, पण ती फुटत नाहीत. ढालकिडे मेलेले दिसले नाहीत म्हणून औषध सुरक्षित होतं असा निष्कर्ष इथे दगा देतो.

अळ्या एकमेकींना खातात

सर्वांत जास्त गळती इथेच होते आणि सर्वांत जास्त हातात असलेली गोष्टही हीच.

अंड्यातून निघालेल्या अळ्या लगेच पांगत नाहीत. अर्धा-एक दिवस त्या स्वतःच्या टरफलांवरच गोळा होऊन बसतात, कातडी कडक होईपर्यंत. टरफलं खातात, शेजारचं न फुटलेलं अंडं खातात. ज्या अळीला असं एखादं अंडं मिळतं ती जास्त दिवस तग धरते. हे थांबवायच्या भानगडीत पडू नका. त्या पांगू लागल्या की मात्र घड्याळ सुरू होतं. जेमतेम दीड-दोन मिलिमीटरची ती अळी दिवसभरात काही पकडू शकली नाही तर बहुतेक वाचत नाही.

आता तिचा शिकारीचा ढंग बघा. तिला लांबचं दिसत नाही, मावा अगदी पुढ्यात आल्याशिवाय किंवा अंगाला लागल्याशिवाय कळत नाही. ती पानाच्या कडेने आणि शिरांवरून भराभर चालते, उजेडाकडे, वरच्या दिशेने. एक मावा हाती लागला की चाल एकदम बदलते: वेग कमी, वळणं छोटी छोटी, तेवढ्याच जागेत गोल गोल शोध. मावा कळपाने राहतो, तेव्हा एक सापडला तिथे दुसरा असणारच. म्हणून डबीत मावा सगळीकडे विखरून टाकण्यापेक्षा मावा चिकटलेला कोवळा शेंडाच ठेवलेला बरा.

माव्याचा आकारही महत्त्वाचा आहे. नवजात अळीपुढे पूर्ण वाढलेला मावा टाकला तर तो तिला पायाने झटकून निघून जातो, नाहीतर तिने धरलेला पाय तसाच ओढत चालतो. शिकार सुटते, अळी थकते आणि आपण म्हणतो, एवढा मावा टाकला तरी उपाशी कशी मेली? पहिले दोन दिवस माव्याची बारीक पिल्लं द्या, किंवा मोठे मावे चिमट्याने दाबून द्या. पुढे काळजी उलटी होते. चौथ्या, म्हणजे शेवटच्या टप्प्यातली अळी अळी असतानाच्या एकूण खाण्यापैकी निम्म्याहून जास्त त्या चार दिवसांत खाते. सुरुवातीला पुरून उरणारा मावा नेमका तेव्हाच कमी पडतो आणि मग बहीण हेच भक्ष्य.

कात टाकताना अळी शेपटाने चिकटून निपचित बसते, नवी कातडी मऊ असते. त्या अवस्थेत तिच्याहून लहान अळीसुद्धा तिला फाडते. तेव्हा एका डबीत एकाच वयाच्या अळ्या ठेवा, दुसरा टप्पा संपला की एकेकटी किंवा दोन-तीनच, आणि मध्ये चुरगाळलेला कागद घाला म्हणजे गाठभेट कमी होते. अळी उचलायची ती मऊ कुंचल्याने. पाणी उघड्या थेंबात दिलंत तर लहान अळ्या त्यात बुडतात, ओला कापूस पुरे.

बागेत अळ्या नाहीशा होण्याला मुंग्या हे मोठं कारण. मावा सोडतो तो गोड चिकटा मुंग्यांना हवा असतो आणि त्या माव्याची राखण करतात. प्रौढ ढालकिड्याला हुसकावतात, अंडी आणि अळ्या उचलून नेतात. झाडाच्या बुंध्यावर मुंग्यांची ये-जा दिसत असेल तर बाकी उपाय नंतर. आधी खोडाला पट्टी गुंडाळून तिच्यावर न वाळणारा चिकट लेप द्या आणि जमिनीला किंवा भिंतीला टेकलेल्या फांद्या छाटा, नाहीतर मुंग्यांना तोच पूल मिळतो. नुसत्या या एका कामाने ढालकिड्यांची संख्या वाढलेली दिसते. टोमॅटोसारख्या चिकट केसांच्या झाडांवर मात्र लहान अळ्या केसांतच अडकून मरतात, तिथे मुंग्या हटवूनही फार आशा धरू नये.

फवारणीचं थोडक्यात सांगतो. साबणाचं पाणी ज्याच्या अंगावर पडेल त्यालाच मारतं आणि वाळल्यावर त्याचा असर संपतो. म्हणून ते चालेल, पण फक्त अंडी-अळ्या नसलेल्या फांद्यांवर. निंबोळी अर्काने प्रौढ सहसा मरत नाहीत, अळ्यांना मात्र कात टाकताना अडचण येते. म्हणजे 'जैविक आहे, काही होत नाही' हे अर्धसत्य. सिंथेटिक पायरेथ्रॉइड आणि निओनिकोटिनॉइड गटातली औषधं तर माव्याआधी ढालकिड्यांचाच निकाल लावतात. मातीत घातलेलं आंतरप्रवाही औषध रसातून माव्यात आणि माव्यातून अळीत पोचतं. फवारलं नाही, फक्त मुळाशी घातलं, हा बचाव इथे चालत नाही. फवारणीनंतर पुन्हा मावा मात्र आधी येतो, कारण माव्याची मादी नराशिवायच थेट पिल्लं देते आणि ती पिल्लं आठवड्याभरात स्वतः पिल्लं देऊ लागतात. ढालकिड्याला तेवढंच अंतर कापायला महिना लागतो.

कोष होतो, किडा निघत नाही

अळी एके दिवशी खाणं सोडते, शेपटाचं टोक पानाला चिकटवते आणि पाठीत वाकून बसते. ही कोषापूर्वीची अवस्था दिवसभर टिकते. मेली समजून डबी साफ करणारे इथे पुष्कळ नुकसान करतात.

कोष जिवंत आहे का, हे कळायला सोपी खूण आहे. कुंचल्याचं टोक अलगद लावलं की जिवंत कोष पुढच्या बाजूने उचलून झटका देतो, मुंगी किंवा माशी अंगावर चढू नये म्हणून. ताज्या कोषात हा झटका चांगला जोरदार असतो, किडा निघायच्या सुमारास मंदावतो. रंगावर जाऊ नका. तोच कोष गार हवेत जवळजवळ काळा आणि उबदार हवेत नारिंगी होतो.

कोष जिथे चिकटला तिथेच राहू द्या. बाहेर पडणारा किडा शेपटाच्या त्या पकडीच्या जोरावर जुनी कातडी मागे टाकतो, कोष सुटा असेल तर पंख नीट न उलगडता वेडेवाकडे वाळण्याचा धोका असतो. चुकून पडलाच तर गुळगुळीत प्लॅस्टिकऐवजी खरखरीत कागदावर ठेवा. डबीच्या झाकणावर पाण्याचे थेंब साठत असतील तर झाकण काढून कापड बांधा, कारण बंद ओलाव्यात कोषावर बुरशी चढते. आणि त्याच डबीत भुकेल्या अळ्या राहिल्या असतील तर कोषही सुरक्षित नाही.

कोषाला बारीक गोल भोकं दिसली, तर आत ढालकिडा वाढलाच नाही. परोपजीवी गांधीलमाशीची पिल्लं आत वाढून बाहेर पडली. काही छोट्या माश्याही कोषावर अंडी घालतात आणि त्यांच्या अळ्या आतून कोष पोखरतात. बागेत हे चालायचंच. पाळणाऱ्याने अळ्या चौथ्या टप्प्यात आणून जाळीच्या कापडाखाली ठेवल्या की हा त्रास बराच कमी होतो.

प्रौढ झाले आणि उडून गेले

इथे बहुतेक वेळा काही बिघडलेलं नसतं. तीन आठवड्यांनी नवा किडा कोषातून निघतो तेव्हा त्या झाडावरचा मावा त्याच्याच भावंडांनी संपवलेला असतो. मग तो उपाशी कशाला राहील? पुढची पिढी त्याच झाडावर दिसत नाही याचा अर्थ ती झालीच नाही असा नाही.

ती आसपास टिकावी असं वाटत असेल तर कुठेतरी थोडा मावा कायम राहायला हवा. ज्वारी किंवा मक्याची काही रोपं कडेला लावून त्यांच्यावरचा मावा तसाच ठेवा. गवतवर्गीय पिकांवरचा तो मावा गुलाबावर किंवा मिरचीवर जात नाही, पण ढालकिड्यांना चालतो. दर दोन-तीन आठवड्यांनी नवी रोपं, म्हणजे खंड पडत नाही. जोडीला कोथिंबीर, शेपू, बडीशेप फुलावर येऊ द्या. मावा नसलेल्या दिवसांत परागकण आणि मधुरसावर प्रौढ तगून राहतात. पाळलेले सोडायचे असतील तर प्रौढांऐवजी दुसऱ्या-तिसऱ्या टप्प्यातल्या अळ्या सोडा. त्यांना पंखच नाहीत. संध्याकाळी, झाड थोडं ओलं करून, मावा असलेल्या शेंड्यांवर थोड्या थोड्या.

एखादा प्रौढ दिवसेंदिवस एकाच पानावर बसून असेल आणि पायांखाली फिकट तपकिरी, कापसासारखा कोष दिसत असेल, तर तो अंडी उबवत नाहीये, ढालकिडे तसं करतच नाहीत. डायनोकॅम्पस नावाच्या बारीक गांधीलमाशीने त्याच्या पोटात अंडं घातलं होतं. तिची अळी आतून खाऊन बाहेर आली आणि त्याच्याच पायांमध्ये कोष विणून बसली. अर्धवट लुळा पडलेला ढालकिडा अधूनमधून थरथरत त्या कोषावर पहारा देत राहतो. कोष अलगद सोडवून ढालकिडा ओल्या कापसाजवळ, चार मावे देऊन वेगळा ठेवा. काही त्यातूनही वाचतात आणि पुन्हा खायला लागतात.